वरचं ऑईल

बोअर नवीन, पिस्टन नवीन, रिंगा नवीन, आणि मोटारसायकल बंद. मिस्त्रीच्या पोरानं ती शाळेसमोरच्या पानठेल्यापाशी लावली, चावी ठेलेवाल्याकडे टाकली आणि पसार झाला. गाडी ढकलत आणली होती, हे मला शाळा सुटल्यावर कळलं, तेही चौथीतल्या पोरांकडून.

मिस्त्रीला फोन लावला. "नवीन काम हाये सर, इंजन टाईट असते. किका मारा." मारल्या. जून सरत आला होता आणि दारव्ह्याकडे पावसाचा पत्ता नव्हता. उन्हापायी विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात. शाळा उघडली की ऊन संपलं असं कोणी तरी वरती गृहीत धरून बसलंय.

ठेल्याच्या बाकड्यावर एक काका पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते. हात न थांबवता विचारलं,

"सर, पेट्रोलात ऑईल टाकलं काय?"

"फोर-स्ट्रोक आहे काका. ऑईल खाली इंजिनात असतं."

"थे खालचं झालं. वरचं?"

"वरचं नसतं."

"अरे बाप्पा! म्हंजे कोरड्यावरच चालवून राहिले तुमी?"

काकांकडे कोणे एके काळी राजदूत होती. ती टू-स्ट्रोक, तिला पेट्रोलातच ऑईल मिसळावं लागे. तिथून पुढे मोटारसायकलीत काही बदल झाला असेल, ही शक्यता काकांनी फेटाळली होती. मी फोर-स्ट्रोकचे व्हॉल्व्ह समजावून सांगितले. राजदूतले व्हॉल्व नव्हते, म्हणून बिघडतही नव्हते, असं उत्तर आलं. हे खोटं म्हणता येईना, याचा जास्त राग आला.

ठिणगी बघायला स्पार्क प्लग काढला. "आना, मी धरतो," म्हणत काकांनी तो इंजिनाच्या हेडला टेकवला. "टोपी रबराकडून धरा," मी म्हणेपर्यंत एका पोरानं किक हाणली. काका एकदम मागं सरकले, पण डाव्या हातातली पन्नी सुटली नाही.

"करंट हाये," ते गंभीरपणे म्हणाले. "ऑईलच नाही."

मग शकुंतला रेल्वेची गोष्ट निघाली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, आणि १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन. त्याले कुठं होता प्लग? डिझेल आलं अन् घोटाळा झाला! आता ती गाडीच बंद पडून राहिलीय, त्याचंही खापर काकांनी जवळपास माझ्या कार्बोरेटरवर फोडलं. समोर शाळेची निम्मी पोरं उभी. उद्या ह्यांनाच मी 'शांत बसा' म्हणणार होतो.

पोरांनी धक्का दिला. दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला तर कार्बोरेटरातून 'फट्' असा आवाज आला आणि मागचं चाक फुफाट्यात घासत गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारून पाहिली, हवा नुसती फुसफुसली. नव्या रिंगांवर अंगठा उडायला हवा! ठिणगी निळी, पेट्रोल येतंय, मग राहतं व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं टायमिंग. फोनवर सांगितलं, तर मिस्त्री म्हणाला, "सर, तुमी शाळा शिकवा ना."

शेवटी तो आला, तेव्हा दिवस कलला होता. मॅग्नेटच्या झाकणातून पिस्टन पार वर आल्याची 'टी'ची खूण समोर आणली, वरचं झाकण उघडलं. टायमिंग चेन एक दात चुकलेली. एकच. त्यानं ती बसवली, अर्ध्या किकेत गाडी लागली. मग हात पुसत म्हणाला,

"टायमिंगचे दोनशे वेगळे, सर."

"अरे, हे तुझंच काम होतं ना?"

"थे बोअरचं काम होतं. हे टायमिंगचं."

दिले. दुसरा मिस्त्री दारव्ह्याला आहे, आणि तिथवर जायला गाडी लागते.