पीपीएफ नाही केली का?

शेजारच्या विंगमधल्या गृहस्थांच्या स्कूटरचा ब्रेक लिव्हर माझ्या गाडीच्या डाव्या दारावरून वीतभर ओढला गेला. ते उकिडवे बसले, ओरखड्यावरून अंगठ्याचं नख दोनदा फिरवलं, ‘नखाला लागत नाहीये, वरवरचाच आहे’ असा निकाल दिला आणि उठता उठता मलाच विचारलं, ‘पीपीएफ नाही केली का?’

सॉरी नाही. ‘किती होतील ते सांगा’ नाही. उलट माझ्याकडे असं बघितलं, की मी गाडी नागडी रस्त्यावर आणली आणि त्यांच्या स्कूटरचा त्यात विनयभंग झाला. मी ‘नाही ना’ म्हणालो. वर ओशाळं हसलोसुद्धा. ते हसू मला अजून टोचतंय.

तर पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा (टीपीयूचा) पारदर्शक पापुद्रा, गाडीच्या रंगावर चिकटवायचा. जाडी दीडशे ते दोनशे मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कंपनीतून येणारा रंग, सगळे थर धरून, साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा असतो. म्हणजे राखणदार मालकापेक्षा जाड. खोटं कशाला बोला, आपल्याला यात नवीन काही नाही. जूनमध्ये वह्यांना खाकी कव्हर, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, टीव्हीच्या रिमोटला पिशवी आणि पिशवीला रबरबँड, फ्रिजच्या हँडलला टॉवेलचा कपडा आणि नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक पुढच्या दसऱ्यापर्यंत तसंच. आमच्या घरात सोफा मूळ कुठल्या रंगाचा होता हे तो विकताना कळलं. फरक एवढाच, की तेव्हा या आजाराचे कोणी लाख रुपये मागत नव्हतं.

पुण्यात नगर रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकान म्हणायचं नाही, डिटेलिंग स्टुडिओ. छताला षटकोनी एलईडी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. त्या उजेडात गाडी उभी केली आणि माझं काळीज चर्र झालं. बॉनेटभर बारीक गोलगोल रेघा. पोऱ्या म्हणाला, ‘स्वर्ल मार्क्स आहेत सर. कोरड्या फडक्याने पुसता का?’ मी नाही, आमचा गाडी पुसणारा पुसतो. एक बादली, एक फडकं, सोसायटीतल्या सगळ्या गाड्या. आमच्या वाघोलीची अख्खी धूळ तो पहाटे सगळ्यांच्या रंगात समान वाटतो. पण ते दिवे लावून बघितलं, तर ताजमहालावरसुद्धा स्वर्ल मार्क्स निघतील.

बाकड्यावर एक आजोबा बसले होते. भाच्याची एसयूव्ही आत होती, तिची फिल्म चालू होती, आणि आजोबा सोबत म्हणून आले होते. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. माझ्यासाठी डेमो सुरू झाला आणि ते उठून आलेच.

पोऱ्याने फिल्म लावलेल्या एका सुट्या बॉनेटवर तारेचा ब्रश खसाखसा घासला. त्यावर किटलीतलं गरम पाणी ओतलं. रेघा विरघळल्यासारख्या गेल्या. ‘सेल्फ हीलिंग, सर!’

‘परत कर,’ आजोबा म्हणाले.

त्याने परत केलं.

‘हे गरम पाणी रोज ओतायचं?’

‘नाही सर, उन्हातसुद्धा होतं.’

‘आणि गाडी बेसमेंटला उभी राहत असेल तर?’

पोऱ्या म्हणाला, ‘सर, संडेला बाहेर काढायची.’ आजोबांनी मान डोलावली, पिशवीतून घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कोणी काही म्हणायच्या आत सुट्या बॉनेटवर एक लांब, मनापासून रेघ मारली. किटली रिकामी झाली. रेघ होती तिथेच.

‘सर, ही किल्ली होती.’

‘अरे बाळा, पोरं किल्लीनंच मारतात. तारेचा ब्रश घेऊन कोण फिरतं?’

पोऱ्याने मग इतिहास काढला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या हेलिकॉप्टरची पाती वाळू-खड्यांनी झिजायची, म्हणून ही फिल्म निघाली. हे खरं आहे. आजोबा शांतपणे म्हणाले, ‘पण ते युद्ध हरले ना?’

मला खरं तर किंमत विचारायची होती. पण आता मी गिऱ्हाईक राहिलो नव्हतो, प्रेक्षक झालो होतो.

‘बरं, रंगाचं रक्षण फिल्म करते. फिल्मचं कोण करतं?’

‘त्याच्यावर सिरॅमिक कोटिंग मारतो सर. नाइन एच. डायमंडची हार्डनेस दहा, याची नऊ.’

इथे आजोबांचा चेहरा असा उजळला, की मला त्या पोऱ्याची दया आली. ‘मी बांधकाम खात्यात आयुष्यभर ड्राफ्ट्समन होतो. नऊ एच ही पेन्सिल असते. सहा बी मऊ, नऊ एच कडक. तुझ्या त्या कोटिंगवर नऊ एच पेन्सिलीची रेघ उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिऱ्याचा काय संबंध?’ आणि माझ्याकडे वळून, ‘तुमच्याकडे कोणी पेन्सिल घेऊन येतं का गाडीवर?’ मी म्हटलं, नाही, स्कूटर घेऊन येतात.

मग आजोबांनी पोऱ्याला विचारलं, फिल्म कापता कशानं? ब्लेडनं. कुठे? गाडीवरच, सर. हे ‘सर’ फार हळू आलं. कॉम्प्युटरवर गाडीचं माप घेऊन प्लॉटर नावाच्या यंत्रावर आधीच कापलेली फिल्मही मिळते, त्यात रंगावर ब्लेड चालत नाही. पण ती वेगळ्या दराने. आजोबा उठून काचेला नाक लावून भाच्याच्या गाडीकडे बघत राहिले. आत एक मुलगा तोंडात ब्लेड धरून दाराची कड दुमडत होता.

एका मुद्द्यावर पोऱ्या जिंकला. कारखान्यात नुसता पत्र्याचा सांगाडा असताना रंग भाजतात, एकशेचाळीस अंशांच्या आसपास. गॅरेजात वायरिंग, सीटं, प्लॅस्टिक सगळं जागेवर असतं, तिथे एवढी भट्टी लावताच येत नाही. म्हणून ‘कंपनीचा रंग तो कंपनीचाच’. यावर आजोबा म्हणाले, ‘हे बरोबर आहे,’ आणि पोऱ्याला इतका आनंद झाला, की त्याने आम्हाला चहा मागवला. चहा पिता पिता आजोबांनी विचारलं, ‘हे डायनिंग टेबलला लावून मिळेल का? आमच्याकडे हळदीचे डाग फार पडतात.’ पोऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की हळदीचा डाग या फिल्मलाही धरतो, दसऱ्याला पूजा केली की पांढऱ्या गाड्या घेऊन लोक भांडायला येतात. ‘मग काय उपयोग!’ म्हणून आजोबांच्या लेखी विषय संपला.

माझा सुरू झाला. फुल बॉडी पंच्याऐंशी हजार, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे एक लाख तीनशे. ‘वरचे तीनशे सोडतो सर.’

गाडी नऊ लाखांची. तिच्यावर सरकारने 11 टक्के रोड टॅक्स आधीच घेतलाय. त्या टॅक्सच्या रोडवर आमच्या वाघोलीच्या खाणींतले डंपर खडी उधळत जातात. मागचं फळकूट सैल, ताडपत्री गुंडाळून केबिनच्या टपावर. एक्सप्रेसवेला टोल भरून मुंबईकडे निघालो की तिथेही पुढच्या ट्रकच्या चाकातून खडा उडतो आणि बॉनेटच्या कडेला टवका जातो, थेट पत्र्यापर्यंत. पावसाळ्यात तिथे गंज. डंपरवाल्याने ताडपत्री बांधायची नाही, म्हणून मी माझ्या गाडीला बांधायची, आणि त्या ताडपत्रीवर पुन्हा 18 टक्के त्याच सरकारला द्यायचे. सिक्युरिटीने स्कूटर बघायची नाही, शेजाऱ्याने लाजायचं नाही, ज्याच्या अंगाला ओरखडा आला त्याने कवच घ्यावं. उद्या फुटपाथवर धडकल्यावर विचारतील, ‘हेल्मेट नाही घातलं का?’ हे लिहितानाही माझं बीपी वाढतंय, जाऊ दे.

वॉरंटी कार्ड तिथेच बसून वाचलं. पाच वर्षं. फिल्म पिवळी पडली, तडकली, फुगे आले, सुटली तर बदलून मिळेल. खडा लागून फाटली किंवा ओरखडा आला तर नाही. म्हणजे ज्या कारणासाठी ती लावायची, ते सोडून बाकी सगळ्याची हमी. स्वस्तातली पीव्हीसीची फिल्म वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते, त्यामुळे घ्यायचीच तर टीपीयू, आणि रोलवरचं नाव बिलावर लिहून घ्यायचं, हे आजोबांनी जाता जाता बजावलं. ते कुठे शिकले देव जाणे.

शेवटी हिशोब मांडला. दारावरचा ओरखडा चार हजारांत रंगवून मिळतो. तो कोणाच्यातरी बेफिकिरीचा ओरखडा आहे, आणि बेफिकिरी फिल्म फाडूनही आत येते. लाख रुपयांत अशी पंचवीस दारं रंगवून होतील, गाडीला आहेत चार. मात्र खड्यांचा मार एकाच जागी बसतो, पुढे. मी हायवेवर नेहमी असतो आणि गाडी आठ-दहा वर्षं वापरणार. म्हणून बंपर, बॉनेट आणि दोन्ही आरसे, प्लॉटरवर कापून, एवढंच सांगितलं. पोऱ्याचा चेहरा पडला. ‘सर, फुल बॉडीची फीलिंगच वेगळी असते.’ असेल.

‘मग लावल्यावर आठवडाभर गाडी धुवायची नाही, पुसायचीही नाही,’ त्याने ताकीद दिली. संध्याकाळी गाडी पुसणाऱ्याला निरोप द्यायला गेलो. म्हटलं, अमुक दिवशी फिल्म बसणार, पुढचा आठवडा माझ्या गाडीला हात लावायचा नाही. त्याने बादली खाली ठेवली, विचार केला आणि म्हणाला, ‘चालेल साहेब. पण पैसे पूर्ण महिन्याचे हां.’