रंग जुळवणारे पाहिजेत

बेळगावात कुणी काही फुकट द्यायला लागला की घेणारा आधी दोन पावलं मागं सरतो. ओळखीच्या माणसानं कुंद्याचा डबा पुढं केला तरी "काय विशेष?" असं विचारून, समाधान होईल असं उत्तर मिळाल्यावरच हात पुढं येतो. अशा गावात मी एक फुकटचा प्रोग्राम घेऊन फिरत होतो, आणि वर घेणाऱ्यालाच कामाला लावणार होतो.

प्रोग्राम कशाचा ते सांगायला हवं. दिवसा मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढतो आणि रात्री घरी प्लॅस्टिकचे रणगाडे, विमानं जोडतो. रणगाडा खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शानं, विमान बहात्तराव्या. मी त्याला स्केल मॉडेल म्हणतो, बायको खेळणी म्हणते आणि सासूबाई काहीच म्हणत नाहीत, फक्त आपल्या मुलीकडं बघतात. जोडणं सोपं असतं. घोडं अडतं ते रंगावर. खोक्यातल्या कागदावर रंगाचं नाव नसतं, नंबर असतो, आणि प्रत्येक देशाचा नंबर वेगळा. जर्मनांचं आरएएल 1927 साली चाळीस रंगांवर सुरू झालं. अमेरिकनांच्या फेडरल स्टँडर्डात पाच आकडी नंबर. पहिला आकडा चकाकी सांगतो, दुसरा रंगाचं घराणं. 34 नं सुरुवात झाली की समजायचं, बिनचकाकीचा हिरवा. शिवाय रंगाच्या बाटल्या विकणाऱ्या इंग्रज आणि जपानी कंपन्यांचे नंबर आणखी निराळे.

हे सगळं ज्ञान घेऊन मी खडेबाजारात जाऊन "आरएएल 7028 आहे का?" असं विचारलं होतं. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं. "साधा हिरवा आहे, डार्क हिरवा आहे, ट्रॅक्टरचा हिरवा आहे. यातला कुठला देऊ?" 7028 हा पिवळा असतो हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

म्हणून प्रोग्राम लिहिला. रणगाडा निवडा, साल निवडा; शाळकरी पोरं वापरतात त्या ॲक्रिलिकच्या बाटल्यांतले कुठले रंग किती थेंब मिसळायचे ते तो सांगतो. उदाहरणार्थ, पिवळ्या ऑकरमध्ये काळा घातला की काळपट पिवळा व्हावा असं वाटतं, पण होतो चक्क ऑलिव्ह हिरवा. निम्मं सैन्य एवढ्यावर रंगून होतं. आत हिशेब असा, की प्रत्येक रंगाचे तीन आकडे धरायचे आणि दोन रंगांमधलं अंतर मोजायचं. या अंतराला डेल्टा ई म्हणतात. प्रकाश आणि रंगाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं 1976 साली त्याचं एक सूत्र ठरवून दिलं. अंतर एकाच्या आत आलं की डोळ्याला फरक कळत नाही, असा ढोबळ समज. माझ्या स्क्रीनवर सगळी अंतरं सुरेख येत होती. आता डोळे पाहिजे होते. दुसऱ्यांचे.

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या चहाच्या हॉटेलात कागद लावला: "कॅमोफ्लाजचे रंग जुळवून पाहण्यासाठी स्वयंसेवक पाहिजेत. वयाची, शिक्षणाची अट नाही. मोबदला नाही. चहा मिळेल."

पहिला फोन आला तो पगार विचारायला. पगार नाही म्हटल्यावर समोरच्यानं विचारलं, "मग डिपॉझिट किती भरायचं?" डिपॉझिटही नाही म्हटल्यावर त्याची खात्रीच पटली की लफडं मोठं आहे. "बघून सांगतो" म्हणून त्यानं फोन ठेवला. दुसऱ्याला कॅमोफ्लाजचं कापड स्वस्तात पाहिजे होतं. तिसऱ्यानं चहा कुठल्या हॉटेलातला, एवढंच विचारलं.

आणि मग एका पहाटे, अंधार नीट सरायच्या आत, फाटकाशी बुटांचा आवाज आला. बाहेर बघतो तर ट्रॅकसूट घातलेली पोरं रांगेत उभी. येळ्ळूरची, कंग्राळीची. आमच्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून आहे, त्यामुळं भोवतालच्या खेड्यांतली पोरं मिसरूड फुटायच्या आधी पळायला लागतात. सैन्याच्या मेडिकलमध्ये रंग ओळखण्याची परीक्षा असते. कॅमोफ्लाज, रंग, चाचणी, फी नाही, एवढं वाचून त्यांनी काय तो अर्थ काढला होता.

"सर, मेडिकलला हेच इचारतात काय?" पुढच्यानं विचारलं.

मी समजावलं की तिथं ठिपक्यांची पुस्तकं दाखवतात, इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरनं 1917 साली काढलेली, ठिपक्यांतून आकडा ओळखायचा असतो. इथं तसलं काही नाही. सगळ्यांनी माना हलवल्या आणि कुणीही जागचं हललं नाही. "असूं दे की सर. सराव तर हुतोय." एकानं रिकामा वेळ नको म्हणून आमच्या अंगणात जोर मारायला घेतले. सासूबाई तुळशीला पाणी घालायला आल्या होत्या, त्या पाण्याचा तांब्या तसाच घेऊन आत गेल्या.

इतके शिस्तीचे परीक्षक जगात कुणाला मिळाले नसतील. सांगितले तेवढेच थेंब, एक कमी नाही की जास्त नाही. कागदावर पट्टा मारायचा, सुकू द्यायचा (ॲक्रिलिक सुकल्यावर गडद होतं, ओल्यावर निकाल द्यायचा नाही), मूळ नमुन्याशेजारी धरून बघायचं आणि लिहायचं: जुळतो, फिका आहे, हिरवट आहे, काय असेल ते. तासाभरात सगळे कागद भरून हातात. मी हरखलो. एक वाचला: जुळतो. दुसरा: जुळतो. सगळ्या पोरांचे सगळे रंग जुळत होते. एक रंग तर मी फसवणुकीसाठी मुद्दाम भलताच दिला होता, तोही जुळत होता. शेवटी एकाला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, हा जुळतो?" तो सावधान उभा राहिला. "जुळत न्हाई म्हटलं तर फेल करतात न्हवं सर?"

त्यांच्यातल्या एकाच पोरानं वेगळं काहीतरी केलं होतं. तांबूस तपकिरी आणि हिरवा हे दोन्ही पट्टे त्यानं एकाच गठ्ठ्यात ठेवले होते. बाकीचे हसले. त्याला काहीच वाटलं नाही. "मामालाबी आमच्या असंच हाय सर. त्यो टमाटे दाबून घेतो, रंग बगून न्हाई." मामाचं नाव त्यानं बरोबर घेतलं होतं, लाल-हिरव्यातली ही गल्लत एक्स गुणसूत्रावरून येते, म्हणून पुरुषांत जास्त आणि आईकडून आलेली. डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन ये, कुठल्या कामाला चालतं कुठल्याला नाही ते आधीच विचारून घे, असं मी त्याला सांगितलं, ते त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. पण त्या दिवसातलं एकमेव उपयोगी निरीक्षण त्याचंच. नकाशासारख्या ठिगळांचा नमुना होता, त्यातल्या दोन ठिगळांवर बोट ठेवून तो म्हणाला, "हे दोनी एकच हाईत." रंग वेगळे होते, पण उजळपणा हुबेहूब सारखा, लांबून ती दोन ठिगळं एकच होऊन जात होती. माझ्या डेल्टा ईला हे कळलं नव्हतं. पुढं वाचनात आलं की 1992 साली केलेल्या प्रयोगांत, रंगांच्या गर्दीत लपवलेला आकार लाल-हिरवा न ओळखणाऱ्यांना दिसला आणि चांगल्या डोळ्यांच्यांना दिसला नाही. ते पोरगं मग अधूनमधून येत राहिलं. चहा दोन कप घ्यायचं.

पोरं गेली आणि शेजारच्या काकू आल्या. रंग जुळवून मिळतो ही बातमी गल्लीत फिरताना कॅमोफ्लाज हा शब्द कुठंतरी गळून पडला होता.

"हे बघ," पिशवीतून शहापूरची साडी काढत त्या म्हणाल्या, "ह्याच्यावर ब्लाऊजपीस मिळेना झालंय. तुझ्या त्या कॉम्प्युटरला विचार."

साडी चिंचेच्या रंगाची. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण आमच्या घराची जादा किल्ली काकूंकडं असते. पदराचा फोटो घेऊन आत घातला. प्रोग्रामला बिचाऱ्याला जगात लढाईखेरीज काही माहीतच नव्हतं. उत्तर आलं: जर्मन रणगाडा, तांबूस तपकिरी, आरएएल 8017.

"काय म्हणतंय?"

मी वाचून दाखवलं.

"नको बाई. लग्नाला जायचंय." मग काकूंनी मलाच गणपत गल्लीत त्यांच्या नेहमीच्या मॅचिंग सेंटरात नेलं, "कसं जुळवतात ते शिकून घे" म्हणून.

तिथले मालक, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, त्यांनी साडी हातात घेतली, मागं न बघता भिंतीतला एक ठाण ओढला, दुसरा ओढला, दोन्ही काखेत मारले आणि दुकानाबाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिले. "आत सगळंच मॅच होतंय वैनी," ते म्हणाले. "भाईर आणल्यावर खरं काय ते कळतंय." ट्यूबखाली एकजीव दिसणारे दोन कपडे उजेडात खरोखरच वेगळे दिसत होते, एक लालसर, एक जांभळट. यावर लोकांनी ग्रंथ लिहिलेत. दोन रंगद्रव्यं वेगळी असूनही एका प्रकाशात सारखी दिसतात आणि दुसऱ्या प्रकाशात फुटतात, त्याला मेटामेरिझम म्हणतात, आणि म्हणून प्रमाण दिवसाचा उजेड सुमारे 6500 केल्व्हिनचा धरतात. अण्णा केल्व्हिन न मोजता तो धरत होते. मी अदबीनं माझे रंगीत पट्टे काढून दाखवले. त्यांनी पट्ट्यांवरून एकदा नजर फिरवली. "हा तुमचा हिरवा भाईर पिवळा मारतोय." घरी येऊन नमुन्याशेजारी उजेडात धरला. मारत होता.

मृग संपता संपता पाऊस लागला. ढगाळ आभाळाचा उजेड रंग पारखायला उत्तम, असं म्हणतात. पण आमच्याकडं त्या दिवसांत काहीही सुकत नाही. पट्ट्यांचे कागद दोरीवर, त्यांच्या शेजारी मुलाची शाळेची चड्डी, आणि दोन्हींना बुरशी.

परीक्षकांत मला सगळ्यात जास्त भरवसा होता तो सुभेदारमामांचा. नातं काही नाही. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत, खरे रणगाडे हाताच्या अंतरावरून बघितलेत. त्यांच्यासमोर मी माझं सगळ्यात चांगलं मॉडेल ठेवलं आणि त्यावरचा पिवळा किती अचूक आहे ते सविस्तर सांगितलं.

मामांनी चष्मा वर केला. "हा रंग कुणी ठरवला?"

"जर्मनांनी. 1943 च्या फेब्रुवारीत. आधी राखाडी होता, मग हा मूळ रंग केला. हिरवा आणि तपकिरी वरून फवारायला द्यायचे."

"कुठं फवारायचे? कारखान्यात?"

"नाही, पलटणीतच. रंग घट्ट, पेस्टच्या डब्यातून यायचा. तिथं पातळ करून घ्यायचा."

"कशानं पातळ करायचा?"

"पेट्रोलनं. नाहीतर पाण्यानं."

मामा थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मग तुझा हा नंबर पेट्रोलचा, का पाण्याचा?"

मला उत्तर सुचेना. मामांनीच पुढं सांगून टाकलं, "स्टोअरातनं जो डबा येतो तो लावायचा. आणि दोन दिवस गाडी चालली की सगळं चिखलाचं. चिखलाचा नंबर हाय काय तुझ्यात?" परीक्षकाच्या कागदावर त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: "रंग ठीक. गाडी फार स्वच्छ आहे." मी प्रोग्राममध्ये चिखल घातला. तीन प्रकारचा. मामांना विचारून.

रंगांचं एकवेळ निभावलं, पण खरी रणधुमाळी झाली ती प्रोग्रामच्या चिन्हावरून. स्क्रीनवर दाबायचा तो छोटा चौकोन मी सहज ठळक दिसावा म्हणून तांबडा-पिवळा केला होता. एका परीक्षकानं फोन करून खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही आपले ना? मग हा झेंडा कशाला?" खरंच की. तेच रंग कर्नाटकाच्या झेंड्याचे. शिवाय 1 नोव्हेंबर जवळ येत होता. त्या दिवशी अर्धं गाव तांबड्या-पिवळ्या पताका लावतं आणि उरलेलं दंडाला काळी फीत बांधतं. चौकोन भगवा केला. लगेच चिक्कोडीकडच्या एका कन्नड मित्राचा निरोप, तोही परीक्षकच: "सर, प्रोग्राम चांगला आहे. यात राजकारण कशाला आणता?" काळा करून बघितला, तर दोघांचाही फोन. पहिल्याला वाटलं मी त्याच्या बाजूला आलो, दुसऱ्यालाही वाटलं मी पहिल्याच्या बाजूला गेलो. पांढऱ्यावर एकानं विचारलं, तडजोड झाली काय?

शेवटी शांतपणे बसलो आणि ज्या रंगाबद्दल सीमाभागात कुणाचीच काही भूमिका नाही, असा मळकट ऑलिव्ह हिरवा दिला, कडेला थोडा तपकिरी. कुणाचाही फोन आला नाही. आठवडा झाला, पंधरवडा झाला. परीक्षकांचे कागदही यायचे बंद झाले, तेव्हा मीच निपाणीच्या एकाला फोन लावला. भला माणूस, तंबाखूच्या धंद्यातला, रंगावर बारीक नजर.

"नवीन टाकलेलं चालवून बघितलं काय?"

"कुठलं चालवू? ते हायच कुठं? सगळी स्क्रीन बघून झाली."

"स्क्रीनवर मागं फोटो कसला लावलाय तुम्ही?"

"राजहंसगडचा. पावसातला. लई झाक आलाय."

"मग त्यातच बघा. डाव्या अंगाला, खाली. हिरवं दिसेल."

बराच वेळ नुसता माऊसचा टकटक आवाज येत राहिला.

"साहेब," ते म्हणाले, "मघापासनं मी एका झुडपावर डबल क्लिक करूलालोय."