व्हिएतनामचा गनिमी कावा भुयारांत मावत नाही

दर काही महिन्यांनी तो मेसेज पुन्हा फिरत येतोच. व्हिएतनामच्या नेत्यांनी शिवाजी महाराजांचं चरित्र वाचलं आणि त्या जोरावर अमेरिकेला हरवलं, असं सांगणारा. पुरावा कुणी देत नाही, मागितला तर लोक चिडतात. मला त्या मेसेजचा मनापासून राग येतो. महाराजांच्या युद्धनीतीला हनोईच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. आणि जे लोक आधी फ्रेंचांशी, मग अमेरिकेशी अशी तीस वर्षं लढले, त्यांचं श्रेय एका फॉरवर्डने आपल्या नावावर करून घेणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

त्यांच्याकडे स्वतःचा इतिहास भरपूर होता. १२८८ साली व्हिएतनामी सेनापती त्रान हुंग दाओने बाक दांग नदीच्या पात्रात टोकदार खांब रोवून ठेवले, भरतीच्या वेळी मंगोल आरमाराला आत ओढून घेतलं आणि ओहोटी लागताच जहाजं त्या खांबांवर अडकली. याच नदीत, याच युक्तीने ९३८ मध्ये चिनी आरमार बुडवलेलं होतं. पंधराव्या शतकात तिथला बंडखोर नेता ले लोई डोंगराच्या आश्रयाने चीनच्या मिंग सैन्याशी जवळजवळ दहा वर्षं झुंजला. फ्रेंच आणि अमेरिकेविरुद्धच्या युद्धांतले सेनापती जनरल जाप तर मुळात इतिहासाचे शिक्षक. माओच्या लिखाणाचाही त्यांच्यावर प्रभाव होता. मग आणखी दुसरीकडे गुरू शोधायची गरज काय?

व्हिएतकाँग, म्हणजे दक्षिण व्हिएतनाममधले कम्युनिस्ट गनीम, म्हटलं की आपल्याला भुयारं आठवतात, बांबूचे सापळे आठवतात, झाडीतून अचानक झालेला हल्ला आठवतो. त्यांचं लढाईचं सूत्र मात्र ‘चार झटपट, एक संथ’ असं होतं. पोचायचं झटपट, हल्ला झटपट, शस्त्रं आणि जखमी उचलायचे झटपट, माघारही झटपट. संथ करायची ती फक्त तयारी. ठाण्याची दिवसेंदिवस टेहळणी, जमिनीवर त्याचा नकाशा मांडून सराव, वाटेवर आधीच लपवून ठेवलेला तांदूळ आणि दारूगोळा. हल्ला संपायला अर्धा तासही पुरायचा, पण त्यामागे आठवड्यांची मेहनत असायची. माझ्या मते हे युद्ध त्या संथ भागात जिंकलं गेलं, आणि आपण नेमकं तेच वाचत नाही.

कु ची घ्या. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावच्या वायव्येला, फ्रेंचांच्या काळापासून खणत नेलेलं सुमारे २५० किलोमीटरचं जाळं. तिथली चिकणमाती वाळली की कडक होते, म्हणून भुयारं ढासळत नसत. खणायला कुदळ आणि टोपली. निघालेली माती रातोरात शेतात, ओढ्यात, बॉम्बच्या खड्ड्यात टाकायची, कारण ताज्या मातीचा ढीग दिसला तर सगळं उघडं पडणार. खालच्या चुलीचा धूर लांब चरांतून फिरवून विरळ करून सोडायचा. अमेरिकेच्या २५व्या पायदळ डिव्हिजनने आपला तळ या जाळ्याला लागूनच उभारला. जानेवारी १९६७ मध्ये त्या भागावर जवळपास ३०,००० सैनिक उतरवले, बेन सुक हे अख्खं गाव उठवून जमीनदोस्त केलं. काही काळातच गनीम परत तिथेच.

परत येणं शक्य झालं ते गावांमुळे. तांदूळ कुणी दिला, निरोप कुणी नेले, गस्त आली हे कुणी कळवलं? बहुतेक वेळा बायकांनी. जानेवारी १९६० मध्ये बेन त्रे प्रांतात दक्षिणेतल्या सरकारविरुद्ध उठाव झाला, त्याच्या अग्रभागी न्युएन थी दिन्ह होत्या. हातात मोजकीच शस्त्रं. सरकारी सैन्य सूड घ्यायला आलं, तेव्हा हजारो बायका मुलांना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्या आणि सैनिकांच्या अत्याचाराच्या तक्रारी घेऊन कचेरीपुढे बसून राहिल्या. त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या की तक्रार ऐकायची, या पेचात अधिकारी सापडले. मला ही चाल कुठल्याही सापळ्यापेक्षा बुद्धिमान वाटते. याच बाई पुढे दक्षिणेतल्या मुक्तिसेनेच्या, म्हणजे व्हिएतकाँगच्या फौजेच्या, उपसेनापती झाल्या. आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे?

उत्तर व्हिएतनाममधून येणाऱ्या रसदेच्या वाटेचीही तीच कथा. हो चि मिन्ह मार्गावर आणि त्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दिवसा बॉम्ब पडायचे, रात्री तरुण मुलं-मुली खड्डे बुजवून ट्रक पुढे काढायची. २४ जुलै १९६८ रोजी दोंग लोकच्या तिठ्यावर हे काम करणाऱ्या दहा मुली एकाच बॉम्बहल्ल्यात गेल्या. सगळ्या विशी-पंचविशीच्या आतल्या.

हे सगळं मी आदराने लिहितो, पण पूजा करायची नाही. गावचे सरकारी अधिकारी, त्यांच्याशी संबंध असल्याचा नुसता संशय असलेली माणसं व्हिएतकाँगने ठार मारली. १९६८ च्या तेत, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या, हल्ल्यात हुए शहर त्यांच्या ताब्यात होतं, तेव्हा तिथल्या नागरिकांची मोठी कत्तल झाली. तो हल्ला लष्करी दृष्ट्याही फसला. शंभराहून अधिक शहरं-गावांवर एकदम तुटून पडले, लपून राहण्याचं बळ सोडून उघड्यावर लढले आणि दक्षिणेतले अनुभवी गनीम हजारोंनी मेले. अमेरिकेतलं जनमत फिरलं हे खरं, पण त्यानंतरचा लढाईचा मुख्य भार उत्तरेच्या नियमित फौजेवर आला. ३० एप्रिल १९७५ ला सायगावच्या राजवाड्याचं फाटक तोडलं ते रणगाड्यांनी, आणि ते रणगाडे सोव्हिएत-चिनी मदतीतले होते. गनिमी काव्याने शत्रूला थकवलं, अखेरचा घाव दुसऱ्याने घातला.

१९९५ मध्ये व्हिएतनाम सरकारने स्वतः आकडे दिले: सुमारे ११ लाख लढवय्ये आणि २० लाख नागरिक मेले. अमेरिकेचे ५८,००० गेले. ‘छोट्या देशाने महासत्तेला लोळवलं’ असं लिहिताना हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा, एवढंच माझं म्हणणं आहे.