सोलापूरकराला सिटी बस नकोच, म्हणे!

सोलापूरच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘सिटी बस रिकाम्या पळतात, म्हणजे लोकांना त्या नकोत. आता घरटी गाडी आहे. परिवहन तोट्यात आहे, बंद करा आणि पैसा उड्डाणपुलांत घाला.’

‘रिकामी बस म्हणजे लोकांना नको.’ अहो, पण कुठली बस? जिची वाट पाहण्यात जायचं तेवढं अंतर चालून होतं, ती? प्रवासी वर्तनाच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय की थांब्यावरचं एक मिनिट माणसाला गाडीतल्या जवळपास दोन मिनिटांएवढं जड जातं. हर्बर्ट मोहरिंग या अर्थतज्ज्ञाने 1972 मध्ये दाखवलं की प्रवासी वाढले, त्यांच्यासाठी फेऱ्या वाढवल्या, की आधीपासूनच्या प्रवाशांचाही खोळंबा कमी होतो. आपल्याकडे हे उलटं फिरलं: फेऱ्या घटल्या, माणसं गेली, उत्पन्न बुडालं, पुन्हा फेऱ्या घटल्या. आणि लोकांना खरंच नको असेल, तर सीटच्या रिक्षात मांडीला मांडी लावून कोण बसतं? ठरल्या रस्त्याने, अनोळखी माणसांबरोबर, पैसे मोजून जाणं यालाच तर बसची मागणी म्हणतात. रिक्षा लगेच मिळते, एवढाच फरक.

बस वाढवली की सगळे मोटारसायकली सोडतील, असं मात्र मी म्हणणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोत बार्ट ही शहरी रेल्वे येण्याआधी सरकारी अंदाज होता की कामावर जाणाऱ्यांपैकी 15 टक्के लोक तिने जातील. डॅनियल मॅकफॅडन या अर्थतज्ज्ञाने लोक वेळ, भाडं आणि सोय पाहून प्रत्यक्षात काय निवडतात त्यावरून 6.3 टक्के सांगितले, आले 6.2. त्यांना 2000 सालचं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

‘घरटी गाडी.’ असेल, पण सकाळी ती घेऊन कोण जातं? सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरकुल वसाहतीतल्या विडी कामगार बाईला पान-तंबाखू आणायला, वळलेल्या विड्या जमा करायला जावंच लागतं. 2011 च्या जनगणनेने कामावर कसं जाता हे विचारलं, पण त्या तक्त्यांत शेतीतले आणि घरगुती उद्योगातले कामगार धरलेच नाहीत. घरी विड्या वळणाऱ्या बऱ्याच जणी तिथेच गळतात.

तोट्याचं म्हणाल, तर रस्त्याला तिकीट नसतं म्हणून त्याचा तोटा कुणी मोजत नाही.

राहिले उड्डाणपूल. गावातून आरपार जाणाऱ्या जड वाहनांसाठी एखादा लागेलही. पण ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकी शहरांचे आकडे तपासले, तेव्हा रस्ते जेवढ्या प्रमाणात वाढले जवळपास तेवढ्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढलेली निघाली. अमेरिका म्हणजे सोलापूर नव्हे, कबूल. पण रस्ता मोकळा दिसला की गाडी काढायची, ही खोड काही तिकडचीच नाही.

तेव्हा बंद करण्याआधी एकच मार्ग घ्या, कुंभारीचाच घ्या. सहा महिने दर दहा मिनिटांनी बस सोडा, वेळ चुकवू नका. मग रिकाम्या सीटा मोजू.