शेवंतीला रात्रीचा अंधार हवा, बल्ब नको

थंडी पडली की एक संदेश फिरू लागतो: 'गारठ्याने फुलझाडं रुसतात. रात्री कुंड्यांजवळ बल्ब लावा, रोज संध्याकाळी कोमट पाणी द्या, दर आठवड्याला चमचाभर एप्सम मीठ आणि केळीच्या सालीचं पाणी घाला, ढगाळ हवेत आंबट ताक फवारा.' यातला एकही सल्ला आहे तसा पाळण्यासारखा नाही.

मुळात पुण्या-नाशकातल्या थंडीने ही झाडं रुसत नाहीत. रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरला तरी दुपारी २८-३० पर्यंत चढतो. पिटुनिया, डायंथस, पॅन्सी, फ्लॉक्स यांना हीच हवा मानवते. खरा त्रास मधेच येणारं मळभ, अवकाळी सर आणि पानांवर रात्रभर टिकणारी ओल यांचा.

सगळ्यात नुकसान करणारा सल्ला बल्बचा. एलईडीची ऊब झाडापर्यंत पोचत नाही, पोचतो तो उजेड. शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते आणि ही रात्र अखंड अंधाराची लागते. मधे तासन्‌तास दिवा जळला तर झाड नुसती पानं काढत राहतं. पॉलिहाउसमध्ये शेवंतीची कळी लांबवायची असेल तर मुद्दाम रात्री दिवे लावतात ते यासाठीच. गॅलरीतल्या ट्यूबलाइटजवळची कुंडी नीट पाहा: दिव्याकडची बाजू हिरवीगार आणि कोरी, अंधारातल्या बाजूला कळ्या. अशी कुंडी दिव्यापासून हलवा. पिटुनियाचं बल्बने बिघडत नाही, पण त्याला दिवसा ५-६ तास ऊन हवंच. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, भिंतींच्या सावल्या उत्तरेला लांबतात; म्हणून कुंड्या दक्षिणेच्या कठड्याला आणा.

पाणी कोमट करायची गरज नाही. चुकते ती वेळ. संध्याकाळी भिजलेली पानं सकाळपर्यंत वाळत नाहीत आणि गुलाबावरच्या काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला ६-७ तासांची ओल पुरते. सकाळी ८ ते १० मध्ये, पानं न भिजवता, बुडाशी पाणी घाला. रोज नको. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर थांबा. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) कुंडीत वरचा थर कोरडा दिसतो आणि खाली चिखल असतो. तिथे कुंडी उचलून वजन बघणंच बरं.

एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्यात नत्र, स्फुरद, पालाश काहीच नाही. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडला, तरच लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम घालून पंधरवड्याच्या अंतराने दोन फवारे द्या. दर आठवड्याला घातलेलं मॅग्नेशियम मातीत साठतं आणि मुळांना कॅल्शियम घेऊ देत नाही. केळीच्या सालीत पालाश असतं खरं, पण त्यातलं बरंचसं साल कुजल्यावरच मिळतं. साल कंपोस्टमध्ये टाका; आंबलेल्या पाण्यावर चिलटंच जमतात. १२ इंची कुंडीला दर तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत आणि कळ्या दिसू लागल्या की दहा दिवसांनी एकदा लिटरला १ ग्रॅम १३:०:४५ (१३ टक्के नत्र आणि ४५ टक्के पालाश असलेलं विद्राव्य खत) पुरतं.

ताकाच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे. एक भाग दूध, नऊ भाग पाणी असा फवारा भुरीला (पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीला) आवरतो, पण लख्ख उन्हात. मळभ असताना ताक मारलं तर पानावर चिकट थर राहतो आणि त्यावर दुसरीच बुरशी येते. भुरीचे पहिले पांढरे ठिपके दिसताच पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळच्या गारव्यात फवारा. दुपारचं तापमान ३२ च्या वर जाणार असेल तर टाळा, आणि कडुनिंबाच्या तेलाच्या फवाऱ्यापासून दोन आठवडे तरी अंतर ठेवा. नाहीतर पानं करपतात. ढगाळ दिवसांत कळीच्या देठाशी मावा जमतो. आधी पाण्याच्या धारेने धुऊन काढा. उरला तरच कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, चार थेंब साबणद्रव घालून.

अवकाळी सर येऊन गेली की पिटुनियाची फुलं लगदा होऊन पानांना चिकटतात आणि तिथूनच कूज पसरते. त्याच दिवशी ती काढा, पण नुसत्या पाकळ्या ओढू नका. खालचं हिरवं बोंड राहिलं की झाड बी भरायला लागतं आणि नव्या कळ्या मंदावतात. बोंडासकट देठ खुडा.