कॅरव्हॅन, दोन आत्या आणि एक तांब्या

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं कॅरव्हॅन, म्हणजे आतच राहता-झोपता येईल अशी गाडी, भाड्याने घेऊन पुण्याहून कोकणात जाऊन आलो, दिवेआगर ते मालगुंड, सहा दिवस. फोटो टाकल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, पैसे वसूल होतात का रे? म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

नुसता समुद्र बघायला जाणार असाल तर नाही होत. दिवसाचं भाडं ऐकूनच बायको म्हणाली होती की एवढ्यात चांगल्या होमस्टेत तीन दिवस राहू, वर आयते मोदक मिळतील. आणि खरं होतं ते. रीलमध्ये दिसतं तसं दार उघडलं की समोर लाटा वगैरे काही नसतं. गाडी वाळूत न्यायचीच नाही, भरतीत अडकलेल्या गाड्यांच्या बातम्या दर सीझनला येतात तरी लोक घालतातच. आणि किनाऱ्यापर्यंत जाणारे रस्ते म्हणजे दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे, मधून जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी वाट. केळशीत आम्ही असे काही अडकलो की पुढे वळण, मागे दूधवाला आणि वर लोंबणारी केबलची वायर. ड्रायव्हरदादा टपावर चढून काठीने वायर उचलून धरतायत, खाली अर्धी आळी जमून 'घ्या घ्या, येऊ द्या' करतेय. स्टिअरिंगवर मी. ते पाव तास मी विसरणार नाही.

दिवेआगरला कॉलेजचा मित्र आहे, सुपारीची वाडी आहे त्याची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या होत्या, तेव्हा फोनवर त्याच्याशी काय बोलावं तेच कळत नव्हतं. आता नवीन लावलेल्यांना सुपारी धरायला लागलीय, ती दाखवताना माणूस थांबतच नव्हता. त्याचा होमस्टे फुल होता, आम्ही वाडीच्या तोंडाशी गाडीतच झोपलो. इथे मात्र कॅरव्हॅन बरी पडली.

बागमांडल्याहून जेट्टीने, म्हणजे गाड्या खाडीपलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीने, वेसवीला उतरलो. ही फेरी ज्यांना माहितीय त्यांना बाणकोट खाडीतले ते अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांबही माहितीयत. अंतुले मुख्यमंत्री होते १९८० ते ८२, हा पूल ज्या रस्त्यावरचा, त्या रेवस-रेड्डी सागरी रस्त्याचं नाव आम्ही तेव्हापासून ऐकतोय. मला जेट्टी आवडते, खोटं कशाला बोलू. पण मी सहा दिवसांचा पाहुणा. ज्याला दवाखान्यात जायचंय त्याने शेवटची फेरी चुकली तर काय करायचं?

आता मुद्द्यावर येतो. गुहागरला माझी मोठी आत्या, वय ७९, एकटी. गेली तीन-चार वर्षं आम्ही तिच्याकडे जायचं टाळत होतो. कारण गेलो की ही बाई माळ्यावरच्या गाद्या काढणार, उन्हात घालणार, पहाटे उठून घावन घालणार, आणि आम्ही निघालो की चार दिवस कंबर धरून बसणार. म्हणून या वेळी कॅरव्हॅन. दाभोळ-धोपावे जेट्टी ओलांडली, गाडी तिच्या अंगणात लावली आणि म्हणलं आत्या, झोपायचं, आंघोळीचं सगळं गाडीत आहे, तू फक्त गप्पा मार.

झालं. 'घर असताना गाडीत निजणार मेल्या? लोक काय म्हणतील, आत्याने भाच्याला बाहेर ठेवलंन?' तासभर फुरंगटून बसली. मग मुलांनी तिला हाताला धरून पायऱ्या चढवलं. बेड बघितला, शेगडी बघितली, काही बोलली नाही. शेवटी मागचं छोटं दार उघडलं आणि आत कमोड बघून म्हणाली, 'हा चालत्या गाडीत असतो?' म्हणलं, हो, वाटेल तिथे गाडी थांबवायची. जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'मग मला मालगुंडला ने.'

मालगुंडला तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी धाकटी आत्या. दोघी गेल्या सहा वर्षांत भेटल्या नव्हत्या, रोज फोन. आम्हाला वाटायचं गुडघ्यांमुळे. तर गुडघे नव्हतेच निव्वळ. चिपळूणवरून फिरून जायचं तर दीडशेएक किलोमीटर, अर्ध्या दिवसाचा प्रवास, वाटेत लघवीला कुठे जायचं ही भीती. एसटी स्टँडवरचं तिला खाली बसून जमत नाही, हॉटेलात नुसतं बाथरूम विचारायला लाज वाटते, मग आदल्या रात्रीपासून पाणीच प्यायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी चक्कर. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आपण पोरं विचारतो कुठे? आपण फक्त 'आत्या, ये ना पुण्याला' म्हणतो आणि ती 'बघू' म्हणते.

म्हणून माझं स्पष्ट मत, राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते चांगलंच आहे, पण जाहिरातीत नेहमी सनसेट, वाइनचा ग्लास आणि तरुण जोडपं कशाला? साठीच्या पुढच्या बायकांना दाखवा की हा कमोड, अर्धं गिऱ्हाईक तिथेच मिळेल. आणि गाडीतल्या संडासाची टाकी रिकामी करायची सोय करा हो कुठेतरी, जेट्टीवर करा, एसटी स्टँडवर करा. आम्हाला अख्ख्या रस्त्यात एक जागा सापडली नाही. दादांनी आमची घाणीची पेटी आत्याच्या संडासात नीट ओतली, पण सगळ्यांना आत्या नसते, बाकीचे खाडीत ओतत असतील तर मला नवल वाटणार नाही. अंघोळीचं सांडपाणी तर आत्यानेच पाइप फिरवून माडाच्या आळ्यात सोडायला लावलं, फुकट घालवायचं नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी तिला पुढच्या सीटवर बसवलं, बेल्ट लावला. हेदवीला दशभुजा गणपतीला गाडीतूनच हात जोडले, पायऱ्या नकोत म्हणाली. तवसाळला जेट्टीवर ओहोटी होती, रॅम्पला उतार जास्त, गाडीचं मागचं टोक घासलंच, दादांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण खाडी लागली आणि आत्या जी बोलायला लागली ती थांबेना. लग्नानंतर मुंबईला जायची ती बोटीने, बोट लांब उभी राहायची, किनाऱ्यावरून पडावात बसून जायचं आणि मग वर चढायचं, एकदा तिची एक चप्पल पाण्यात पडली ती दुसरी तिने मुंबईपर्यंत हातात धरून नेली. का, तर नवी होती. मुलं तोंड उघडी टाकून ऐकत होती. मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

मालगुंडला पोचलो तेव्हा धाकटी आत्या गडग्याशीच उभी. रडारड होईल असं आम्हाला वाटलेलं, तर पहिलं वाक्य 'किती वाळलीस गो' आणि दुसरं 'साखर किती आहे तुझी?' मग दोघी आत निघून गेल्या, आमच्याकडे ढुंकून नाही.

जेवणं झाल्यावर धाकटीलाही गाडी बघायची होती. दोघी चढल्या त्या चढल्याच. अकराला मी डोकावलो तर दोघी आत आडव्या, दिवा मालवलेला, कुणाच्या तरी सुनेबद्दल चाललेलं. 'तुम्ही जा रे निजायला,' म्हणाली. म्हणजे एवढं भाडं भरून आम्ही चौघं पडवीत गाद्या टाकून झोपलो, ड्रायव्हरदादा ओटीवर.

आरे-वारेचा घाटातून दिसणारा समुद्र, ज्यासाठी बायको पुण्यापासून थांबली होती, तो राहिलाच. आत्याला परत सोडायचं होतं.

गाडीतल्या संडासात नळाचा फवारा होता, पण आत्याने घरून स्वतःचा पितळी तांब्या आणला होता, फवाऱ्यावर विश्वास नाही. तो आम्ही गाडीतच विसरलो. सध्या तांब्या त्या भाड्याच्या गाडीवाल्याकडे आहे आणि आत्याचे तीन फोन येऊन गेलेत.