तीन आकड्यांपैकी कुठला बघायचा?

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, बरं वाटलं. तुमचा आक्षेप असा की कॅराबिनरवरच्या (कडेचढाईत दोर अडकवायची धातूची कडी) लेखात आकारावर आणि गेटवर, म्हणजे तिच्या उघडझाप होणाऱ्या बाजूवर, मी पानं भरली, पण ताकद दोन ओळींत गुंडाळली. नवशिक्याने सरळ सगळ्यांत जास्त किलोन्यूटनचे (म्हणजे सगळ्यांत जास्त ताण झेलणारे), स्टीलचे, लॉकवाले घ्यावेत आणि विषय संपवावा. "जीव टांगायचाय, फॅशन करायची नाही." वाक्य आवडलं, सल्ला पटला नाही.

तुम्ही म्हणता तो आकडा कण्यावर, म्हणजे गेटसमोरच्या बाजूवर, कोरलेल्या तिघांपैकी पहिला: ताण लांबीच्या दिशेने, गेट बंद. ईएन १२२७५ मानकानुसार साध्या कॅराबिनरला तिथे किमान २० किलोन्यूटन लागतात, म्हणजे ढोबळमानाने दोन टन. लीडवर (दोर वाटेत अडकवत वर चढताना) चांगलं जोरात पडलात तरी एवढा ताण येत नाही. मग २२ घेतला काय नि २८ घेतला काय! बघायचे ते पुढचे दोन आकडे, आडवा ताण आणि उघडं गेट. मानक तिथे फक्त ७ मागतं, आणि मोठ्या फॉलमध्ये, म्हणजे पडताना, दोर अडकवलेल्या वरच्या पॉइंटवर तेवढा ताण येऊ शकतो.

गेट उघडं कोण ठेवतं, असं विचाराल. कोणीच नाही. पडताना कॅराबिनर खडकावर आपटतो, दोर सरसरत जातो आणि गेट क्षणभर आपोआप उघडतं. तारेचं गेट हलकं असल्याने कमी फडफडतं. दिसायला किरकोळ, पण क्विकड्रॉवर (पट्टीने जोडलेले दोन कॅराबिनर: एक बोल्टला, एक दोराला) मी तेच लावतो.

याहून वाईट गोष्ट कण्यावर कोरलेलीच नसते. नाकाला, म्हणजे गेट जिथे येऊन बंद होतं त्या टोकाला, खाच असेल तर ती हँगरच्या (खडकातल्या बोल्टवरच्या भोकाच्या पट्टीच्या) कडेवर अडकून बसते. खालून बघताना क्लिप झाल्यासारखं दिसतं, पण गेट अर्धवट उघडं असतं आणि सगळा भार नाकाच्या टोकावर येतो. अशा वेळी २८ वाला कॅराबिनरही साध्या फॉलमध्ये वाकतो किंवा तुटतो. म्हणून बोल्टच्या बाजूला मी गुळगुळीत, बिनखाचेचं नाक मागतो. याला फॅशन म्हणायचं तर म्हणा.

आता लॉकचं. बिलेला (चढणाऱ्याचा दोर सांभाळताना) आणि अँकरला (दोर ज्याला टांगतात त्या पक्क्या आधाराला) लॉक हवाच, त्यात वाद नाही. बिलेसाठी रुंद डोक्याचा, एच कोरलेला घ्या. मात्र दोर सैल पडला की तोही हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) लूपवर फिरून आडवा होतो, आणि लॉकचा घट्ट फिरवलेला स्क्रू ते थांबवत नाही. लूप आत धरून ठेवणारी छोटी तार असलेले मिळतात, ते घ्या. पण प्रत्येक क्विकड्रॉवर लॉक? एका हाताने लटकून दुसऱ्याने स्क्रू फिरवून बघा एकदा. हात भरून येतात आणि क्लिप करायच्या आधीच माणूस सुटतो.

स्टीलबाबत अर्धं तुमचं खरं. टॉप रोपच्या (आधीच वरून टांगलेल्या दोराच्या) अँकरवर, जिथे दिवसभर एकामागून एक माणूस खाली सोडला जातो, तिथे अॅल्युमिनियमवर दोराची खोबण पडते, स्टील टिकतं. तेव्हा "माझे स्टीलचे मग टाकून देऊ का?" याचं उत्तर: अजिबात नाही, अँकरवर लावा. फक्त बोल्टला अडकवलेला कॅराबिनर पुन्हा कधी दोराच्या बाजूला घेऊ नका. हँगरने त्याला बारीक ओरखडे पाडलेले असतात. बोट फिरवलंत की टोचतात, आणि दोराचं कवच त्यांवरच सोलतं.